राष्ट्रगीताची हुंडी

क्रीडांगणावर सामन्यापूर्वी वाजणाऱ्या राष्ट्रगीताकडे चळवळीतील कार्यकर्ता सहसा गांभीर्याने पाहत नाही. खेळ हा करमणुकीचा विषय, राष्ट्रगीत हा उपचाराचा विषय, आणि या दोहोंचा संगम म्हणजे सत्ताधाऱ्यांनी जनतेला दिलेली गुंगी, असा एक सोपा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला असतो. हा हिशेब सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो अपुरा आहे. आणि अपुरा हिशेब पुष्कळदा खोट्या हिशेबापेक्षा अधिक फसवा ठरतो. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरात एलिस पार्क नावाचे रग्बीचे मैदान आहे. या एकाच मैदानावर, तीन वर्षांच्या अंतराने, राष्ट्रगीताचे दोन प्रसंग घडले. पहिल्या वेळी एक देश दुभंगण्याच्या काठावर उभा असल्याचे दिसले. दुसऱ्या वेळी तोच देश नव्याने जन्माला येत असल्याचा भास जगाला झाला. या दोन प्रसंगांच्या दरम्यान काय बदलले, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत काय बदलू शकले नाही, याचा विचार राष्ट्र, जनता आणि समता हे शब्द नित्य उच्चारणाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

प्रथम त्या गीतांविषयी सांगितले पाहिजे, कारण दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रगीते दोन होती आणि ती दोन राष्ट्रांची होती. ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे प्रार्थनागीत एनॉक सोंटोंगा या कृष्णवर्णी शिक्षकाने १८९७ साली रचले. आफ्रिकेला ईश्वराचा आशीर्वाद लाभो, एवढाच त्याच्या शीर्षकाचा अर्थ. सोंटोंगा जोहान्सबर्गजवळच्या एका मिशनच्या शाळेत शिकवीत असे. १९०५ साली तो वारला आणि त्याची कबर कोठे आहे याचाही पुढे जगाला विसर पडला. त्याचे गीत मात्र १९१२ साली, जी संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली तिच्या स्थापनेच्या अधिवेशनात गायिले गेले, आणि तेव्हापासून ते मुक्तिलढ्याचे गीत झाले. टांझानिया आणि झांबिया या देशांनी स्वातंत्र्यानंतर हीच चाल आपल्या राष्ट्रगीतासाठी घेतली.

दुसरे गीत ‘दी स्टेम’. लांगेनहोवेन या कवीने ते १९१८ साली आफ्रिकान्स भाषेत लिहिले, १९२१ साली त्याला चाल लागली, आणि १९५७ साली ते त्या देशाचे एकमेव अधिकृत राष्ट्रगीत झाले. न्यायाने सांगायचे तर हे गीतही मुळात पराभूतांच्या स्वाभिमानातून जन्मले होते. १८९९ ते १९०२ या काळातील युद्धात ब्रिटिश साम्राज्यशाहीने बोअर लोकांची शेतीवाडी जाळली आणि त्यांची बायकामुले छावण्यांत कोंडली. हजारो जीव तेथे रोगराईने व उपासमारीने गेले. त्या जखमेतून उठलेल्या समाजाने आपल्या भाषेला आणि भूमीला वाहिलेले ते गीत होते. परंतु कालचा पीडित आज पीडक होऊ शकतो, आणि त्याच्या वेदनेचे गीत दुसऱ्याच्या पाठीवरचा आसूड होऊ शकते, हा इतिहासाचा कठोर धडा दक्षिण आफ्रिकेइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे गिरवला गेला असेल. १९४८ नंतरच्या वर्णविद्वेषी राजवटीत हे गीत गोऱ्यांचे झाले, आणि सोंटोंगाचे गीत राजद्रोहाच्या वासाचे ठरले. १६ जून १९७६ रोजी सोवेटोमध्ये शाळकरी मुले आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्या ओठी सोंटोंगाचेच गीत होते, आणि पोलिसांनी त्या मुलांवर गोळ्या झाडल्या.

रग्बी हा गोऱ्या आफ्रिकानरांचा केवळ खेळ नव्हता. तो त्यांच्या वर्चस्वाचा सोहळा होता. ‘स्प्रिंगबॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय संघाचा हिरवा सदरा हे त्या वर्चस्वाचे वस्त्र होते. मैदानाच्या एका कोपऱ्यात काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळी जागा कुंपण घालून राखलेली असे, आणि तेथे बसलेले प्रेक्षक नेमाने परदेशी संघाचा जयजयकार करीत. म्हणूनच या राजवटीला जगाने जे धक्के दिले त्यांतला खेळाचा बहिष्कार तिला विशेष झोंबला. १९७० साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला बाहेर काढले. न्यूझीलंडचा रग्बी संघ सोवेटोच्या हत्याकांडानंतर थोड्याच दिवसांत त्या देशाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याचा निषेध म्हणून वीसहून अधिक देशांनी, प्रामुख्याने आफ्रिकी देशांनी, १९७६च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकवर पाणी सोडले. या बाबतीत भारताचा वाटा अभिमानास्पद आहे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला. आणि १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही, समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून, भारताने ती फेरी खेळण्यास नकार दिला. चषक त्या राजवटीला आयता मिळाला. परंतु इतिहासात मोठेपणा कोणाच्या पदरी पडला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता एलिस पार्कवरील पहिला प्रसंग. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते, वाटाघाटी सुरू झाल्या होत्या, आणि जगाने क्रीडाबहिष्कार सैल करावयास आरंभ केला होता. १५ ऑगस्ट १९९२ रोजी न्यूझीलंडविरुद्ध रग्बीचा सामना ठरला. त्याच्या दोनच महिने आधी बोइपाटाँग वस्तीत चाळीसहून अधिक कृष्णवर्णी स्त्रीपुरुष व मुले कापली गेली होती आणि वाटाघाटी मोडल्या होत्या. अशा वेळी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सामन्याला संमती दिली ती अटींवर: जुने राष्ट्रगीत वाजवावयाचे नाही, जुना ध्वज अधिकृतपणे लावावयाचा नाही, आणि हिंसाचारात बळी पडलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्धता पाळावयाची. त्या एका मिनिटात काय झाले? प्रेक्षागारातील गोऱ्या समुदायाने स्तब्धतेच्या जागी ‘दी स्टेम’ म्हणावयास प्रारंभ केला. जुने ध्वज हजारोंच्या संख्येने फडकले. इतकेच नव्हे, तर दिलेला शब्द मोडून यजमान संघटनेच्या प्रमुखांनी ध्वनिक्षेपकावरून ते गीत वाजवविले. मृतांसाठी राखलेले मौन जिवंतांच्या उद्दामपणाने भरून काढले गेले. तो सामना न्यूझीलंडने २७-२४ असा जिंकला. परंतु त्या दिवशी खरा पराभव झाला तो सभ्यतेचा.

या अपमानानंतर मंडेलांच्या पक्षाने ‘दी स्टेम’ कायमचे गाडून टाकले असते तर कोणी दोष दिला असता? १९९४ची निवडणूक झाली, पहिल्यांदाच प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, सत्ता बहुसंख्याकांच्या हाती आली. पक्षाच्या कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत जुने गीत टाकून द्यावे असेच होते. मंडेलांनी त्यांना परावृत्त केले. दोन्ही गीतांना राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला, आणि ‘स्प्रिंगबॉक’ हे नावही राहिले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ही माघार नव्हती. दुर्बळाने प्रबळापुढे मान तुकविणे वेगळे, आणि सत्ता हाती आलेल्याने कालच्या शत्रूचे गीत जपणे वेगळे. पहिल्याला लाचारी म्हणतात, दुसऱ्याला राजकारणातील औदार्य म्हणतात. आणि हे औदार्य मताधिकार मिळाल्यानंतरचे होते, त्याच्या बदल्यातले नव्हते.

मग दुसरा प्रसंग, २४ जून १९९५. रग्बीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, तेच एलिस पार्क, तोच प्रतिस्पर्धी न्यूझीलंड. साठ हजारांवर प्रेक्षक, बहुसंख्य गोरे. संघात कृष्णेतर म्हणता न येणारा खेळाडू एकच, चेस्टर विल्यम्स. या संघाला स्पर्धेपूर्वी एका शिक्षिकेकडून सोंटोंगाच्या गीताचे शब्द शिकविण्यात आले होते. ज्यांच्या बापांनी ते गीत केवळ पोलिसी गाडीच्या काचेतून ऐकले असेल, अशा धिप्पाड गोऱ्या तरुणांनी शाळकरी मुलांसारखी बसून परक्या भाषेतील ती अक्षरे घोकली. स्पर्धेच्या दिवसांत ते रॉबेन बेटावर जाऊन मंडेलांची कोठडीही पाहून आले. अंतिम सामन्याच्या दिवशी मंडेला संघनायक फ्रान्स्वा पिनार याच्या सहा क्रमांकाचा हिरवा सदरा घालून मैदानात उतरले, तेव्हा त्याच प्रेक्षागारातून त्यांच्या नावाचा घोष झाला. दोन्ही गीते वाजली. खेळाडू ‘न्कोसी सिकेलेल’ म्हणत होते. पिनार मात्र म्हणू शकला नाही. तोंड उघडले तर रडू फुटेल या भीतीने आपण ओठ चावून उभे राहिलो, असे त्याने पुढे सांगितले. जादा वेळेत दक्षिण आफ्रिकेने १५-१२ असा विजय मिळविला.

आम्हांला त्या दिवसांतील आणखी एका गीताकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, कारण वृत्तपत्रांनी त्याकडे केवळ रंजनाच्या दृष्टीने पाहिले. ‘शोशोलोझा’ हे त्या स्पर्धेचे अनधिकृत गीत होते. गोरे प्रेक्षक ते बेहोष होऊन गात होते. हे गीत मुळात श्रमगीत आहे. झिम्बाब्वेच्या भागातून आगगाडीत भरून दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत आणल्या जाणाऱ्या मजुरांनी, पहारी एका लयीत पडाव्यात म्हणून ते गायिले. रॉबेन बेटावर दगड फोडतानाही ते कैद्यांच्या तोंडी होते. ज्या सोन्यावर एलिस पार्कभोवतीचे ते शहर उभे राहिले ते सोने याच गीताच्या तालावर वर आले. म्हणजे १९९५ साली खाणमालकांच्या नातवंडांनी खाणमजुरांचे गीत गायिले. याला थट्टा म्हणावे, की इतिहासाने उगविलेला गोड सूड म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते त्यात दोन्ही होते.

राष्ट्रगीताबद्दल आदर निर्माण करण्यासाठी राज्यकर्ते बहुधा साम सोडून दाम आणि दंड यांचाच आश्रय घेतात. दंडाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे दोन अमेरिकी कृष्णवर्णी धावपटू आपल्या देशाचे गीत वाजत असताना माना खाली घालून आणि काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून उभे राहिले. त्यांना तत्काळ स्पर्धेतून घालविण्यात आले. ज्या आंदोलनाचे ते पाईक होते त्याच्या मागण्यांत दक्षिण आफ्रिकेला ऑलिम्पिकबाहेर ठेवावे ही मागणीही होती. म्हणजे मेक्सिकोतील त्या मुठीचा आणि एलिस पार्कचा संबंध दूरचा नाही. दामाचे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तेथील व्यावसायिक संघांना देशभक्तीच्या प्रदर्शनासाठी सुमारे ६८ लाख डॉलर मोजल्याचे दोन सिनेटरांच्या अहवालाने २०१५ साली उघड केले. त्या करारांत राष्ट्रगीताच्या गायनाचाही समावेश होता. प्रेक्षक उभे राहून ज्याला उत्स्फूर्त भावना समजत होते तिचे बिल आगाऊ चुकते झालेले होते! एलिस पार्कवर १९९५ साली जे घडले ते दंडाने घडविता आले नसते आणि पैशाने विकत घेता आले नसते. दुसऱ्याचे गीत आपल्या जिभेवर घेण्याचे कष्ट तेथे दोन्ही बाजूंनी घेतले, म्हणून ते घडले.

भारतीय वाचकाला हे समजावयास जड जाऊ नये. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा भारत हे राष्ट्र जगाच्या लेखी अस्तित्वात नव्हते. संघ खेळला तो ब्रिटिश साम्राज्याच्या निशाणाखाली. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या खोलीत गुपचूप उघडलेल्या काँग्रेसच्या तिरंग्याला त्या संघाने वंदन केले होते, ही हकीकत ध्यानचंदांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. मैदानातील मानवंदना साम्राज्याची आणि बंद खोलीतील मानवंदना स्वतःची, या दोहोंतील अंतर ज्या राष्ट्राने अनुभवले आहे, त्याने तरी सक्तीची वंदना आणि अंतःकरणाची वंदना यांत गल्लत करू नये.

येथवर जे सांगितले ते ऐकून डोळे पाणावणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला डोळे पुसून जमाखर्च पाहावा लागतो. १९१३ आणि १९३६ सालच्या कायद्यांनी त्या देशाची केवळ १३ टक्के जमीन कृष्णवर्णी बहुसंख्याकांसाठी राखली होती. १९९४ साली नव्या सरकारने पाच वर्षांत ३० टक्के शेतजमिनीचे फेरवाटप करण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. २०१७ सालच्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडेच होती. जुन्या राजवटीने काढलेले कर्ज नव्या राजवटीने निमूटपणे शिरावर घेतले. १९९६ साली पुनर्रचनेचा कार्यक्रम मागे सारून वित्तीय काटकसर, खाजगीकरण आणि खुला व्यापार यांची वाट धरण्यात आली. आज अधिकृत व्याख्येप्रमाणेही सुमारे एक तृतीयांश श्रमिक बेकार आहेत, आणि उत्पन्नाच्या विषमतेत जागतिक बँकेच्या मोजणीत तो देश जगात अग्रभागी आहे. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत महिना १२,५०० रँड वेतनाची मागणी करणाऱ्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ३४ मजूर ठार झाले. ‘शोशोलोझा’ ज्यांच्या आजोबांचे गीत, ते हे मजूर. आणि सोंटोंगाचे गीत ज्या पक्षाने लढ्यात जपले, त्याच पक्षाचे ते सरकार होते.

तेव्हा १९९५चा तो क्षण खोटा होता काय? आमच्या चळवळीतील काही तरुण मित्र असे म्हणतील, की गीत वाटून घेतले आणि जमीन ठेवून घेतली. मंडेलांनी औदार्य दिले आणि बदल्यात टाळ्या मिळविल्या. या टीकेत तथ्यांश आहे, परंतु तिचा रोख चुकतो. जमिनीचे फेरवाटप झाले नाही ते गीतामुळे नव्हे. यादवी टळली, मतपेटी टिकली, संघटनेचे व संपाचे स्वातंत्र्य राहिले, आणि या सर्वांशिवाय जमिनीची लढाई लढताच आली नसती. १९९२च्या ऑगस्टमध्ये तो देश ज्या काठावर उभा होता तेथून खाली पडला असता तर आज हिशेब मांडावयास कोण उरले असते? उलट ज्यांना त्या एका दुपारीच सारे काही साधले असे वाटते, त्यांनाही सांगितले पाहिजे की सोहळा म्हणजे समता नव्हे. एका मैदानात एकत्र उभे राहिलेले लोक सामना संपल्यावर कोणत्या वस्तीत परततात, हे पाहिल्याशिवाय राष्ट्र झाले की नाही ते ठरत नाही.

१९९७ साली त्या देशाने दोन गीते जोडून एक केले. आज त्या एका गीतात पाच भाषा आहेत, आणि ते ज्या स्वरपट्टीत सुरू होते तिच्यात संपत नाही. मध्यावर पट्टी बदलते. २ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामात इंग्लंडला ३२-१२ असे हरवून दक्षिण आफ्रिकेने रग्बीचा विश्वचषक पुन्हा जिंकला तेव्हा ते गीत म्हणणाऱ्या संघाचा नायक सिया कोलिसी होता: झ्वीडे या गरीब कृष्णवर्णी वस्तीत वाढलेला, आणि सोवेटोच्या त्या दिवसानंतर बरोबर पंधरा वर्षांनी, १६ जून १९९१ रोजी जन्मलेला. १९९५ साली जे केवळ सुचविले गेले त्याचा काही अंश खरा झाला, याची ही साक्ष. परंतु झ्वीडेतून एक कोलिसी निघतो तेव्हा मागे किती मुले राहतात, हा प्रश्न तो नायकही विसरत नसावा, आणि आपण तर विसरताच कामा नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. राष्ट्रगीत ही राष्ट्राने आपल्या सर्व लेकरांच्या नावे लिहून दिलेली हुंडी आहे. ती दांडगाईने कोणाच्या हाती कोंबता येत नाही, आणि भाड्याच्या उत्साहाने तिची किंमत वाढत नाही. एलिस पार्कवर १९९५ साली दक्षिण आफ्रिकेने ती हुंडी सर्वांसमक्ष लिहून दिली, आणि जुन्या राजवटीच्या सावकारांचे कर्ज फेडताना ही हुंडी मात्र वटवावयाची राहिली. म्हणून ती फाडून टाकावी असे म्हणणारा शहाणा नव्हे, आणि ती देव्हाऱ्यात ठेवून तिची पूजा करणाराही शहाणा नव्हे. हुंडी घेऊन पेढीच्या दारात उभे राहावयाचे असते, आणि ती वटेपर्यंत तेथून हलावयाचे नसते. मारिकानाच्या टेकडीवर बसलेले मजूर नेमके तेच करीत होते. आपल्या गावी, आपल्या शाळेच्या मैदानावर मुले राष्ट्रगीतासाठी ताठ उभी राहतात तेव्हा त्यांच्याबरोबर आपणही उभे राहावे, मनापासून राहावे. आणि गीत संपल्यावर त्या मुलांतील किती जणांच्या घरी संध्याकाळची चूल पेटणार आहे, याची चौकशी करावयास निघावे.